नाइटब्लड नकार देऊ शकते का? कॉस्मिअरमधील सजाण शस्त्रांविषयीच्या तर्कांबद्दल

ब्रँडन सँडरसन यांच्या ‘कॉस्मिअर’ या सामायिक कथाविश्वातील कादंबऱ्या वाचून झालेल्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. नाइटब्लड ही बोलणारी तलवार खरोखर विचार करते, की तिच्यात घातलेली आज्ञाच केवळ घोकत राहते? पुढे कधी तरी ‘वाईट’ म्हणजे काय हे तिला उमगेल आणि ती वार करायला नकार देईल, या चाहत्यांच्या तर्कात कितपत तथ्य आहे? आणि नाइटब्लड व याच विश्वातील शार्डब्लेड, ऑनरब्लेड या जादुई तलवारी ही सारी शस्त्रे मुळात एकाच जातीची आहेत, हा सिद्धान्त टिकतो का? मी बरीच वर्षे कल्पनारम्य कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांचे संपादन करते आणि या मालिकेतील पुस्तके निघतील तशी वाचत आले आहे. प्रश्न मनापासून आवडल्यामुळे उत्तर लांबणार आहे. २०२० साली आलेल्या ‘रिदम ऑफ वॉर’ या स्टॉर्मलाइट मालिकेच्या चौथ्या खंडापर्यंतच्या घटना येथे उघड केल्या आहेत. २०२४ च्या पाचव्या खंडाला हात लावलेला नाही, कारण तो अजून न वाचलेले लोक पुष्कळ आहेत. चौथा खंडही ज्यांचा राहिला असेल, त्यांनी येथेच थांबावे.

माझे मत आधी सांगते. एखादे शस्त्र सजाण आहे की नाही हे ठरवताना चाहते बहुधा ते बोलते का, त्याला आठवणी आहेत का, त्याचा स्वभाव वेगळा जाणवतो का, हे पाहतात. या खुणा महत्त्वाच्या आहेत, पण निर्णायक नाहीत. निर्णायक प्रश्न एकच आहे: ज्या कामासाठी ते उपसले गेले, ते काम करायला ते नाही म्हणू शकते का? ही कसोटी लावली की एकसारखी भासणारी शस्त्रे वेगवेगळ्या जागी जाऊन बसतात आणि गेल्या काही वर्षांतील बऱ्याच तर्कांचे वजनही आपोआप कळते.

सुरुवात नाइटब्लडच्या जन्मापासून करावी लागते. २००९ साली प्रकाशित झालेल्या ‘वॉरब्रेकर’ या कादंबरीत प्रत्येक माणूस एक ‘ब्रेथ’ घेऊन जन्माला येतो. ही ब्रेथ दुसऱ्याला देता येते, साठवता येते आणि तिच्या बळावर निर्जीव वस्तूला जागे करून तिला आज्ञा देता येते. कादंबरीच्या अगदी आरंभी व्हॅशर हा नायक कोठडीत गवताची एक छोटी बाहुली बनवतो आणि तिला किल्ल्या आणायला पाठवतो. पुढे दोर, अंगरखे, कापडाच्या पट्ट्या अशा वस्तूंना धर, ओढ, वाचव अशा छोट्या आज्ञा दिल्या जातात. या दृश्यांतून लेखक दोन नियम वाचकाच्या अंगवळणी पाडतो. एक, जे पूर्वी कधी जिवंत होते त्याला जागवणे सोपे, म्हणून गवत, सूत, लाकूड ही नेहमीची माध्यमे. धातू आणि दगड जवळजवळ अशक्य. दोन, आज्ञा उच्चारून भागत नाही. देणाऱ्याच्या मनात तिचे स्पष्ट चित्र असावे लागते. नाइटब्लड हे दोन्ही नियम एकाच वेळी ताणते. ती पोलादाची आहे, म्हणजे जे कधीच जगले नाही त्यात एक हजार ब्रेथ ओतून ती जागवली गेली. आणि तिला दिलेली आज्ञा होती ‘वाईटाचा नाश कर’. किल्ल्या कशा दिसतात हे मनात आणता येते. वाईट कसे दिसते, हे कोणी आणि कसे मनात आणायचे?

ही तलवार व्हॅशर आणि त्याची पत्नी शशारा यांनी घडवली. दोघेही ‘पाच विद्वान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातले. शशाराने ती युद्धात वापरली आणि तिने जे केले ते पाहून व्हॅशर इतका हादरला की, हे तंत्र जगात पसरू नये म्हणून त्याने त्याच तलवारीने आपल्या पत्नीला मारले. नाइटब्लडच्या गोड, निरागस बोलण्यावर चाहते प्रेम करतात, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु तिच्या निर्मात्यांपैकी एकाने दुसरीचा जीव घेतला तो तिच्यासारखी दुसरी तलवार निर्माण होऊ नये म्हणून, ही गोष्ट बाजूला ठेवून तिच्याविषयी कोणताही तर्क मांडला तर तो अपुराच राहणार.

आता पहिला प्रश्न. नाइटब्लड विचार करते का? करते, असे मी निःशंकपणे म्हणेन. कादंबरीच्या शेवटच्या परिशिष्टात जागवलेल्या वस्तूंचे चार प्रकार दिले आहेत आणि जाणीव असलेल्या निर्जीव वस्तूसाठी स्वतंत्र चौथा प्रकार केला आहे. दोर आणि अंगरखे तिसऱ्या, म्हणजे मनरहित प्रकारात मोडतात. ही वर्गवारी कथेतल्या विद्वानांची आहे, तरी प्रत्यक्ष दृश्येही तिला पुष्टी देतात. तलवार कंटाळते, रुसते, कौतुक करते, मत देते, आपल्याला म्यानातून काढावे म्हणून आर्जव करते. तिला आवडती आणि नावडती माणसे आहेत. काळाचे भान मात्र कच्चे आहे. मृत्यू म्हणजे नेमके काय, हे तिला नीट कळलेले दिसत नाही. आज्ञा घोकणारे यंत्र असे वागत नाही. म्हणून ‘ती केवळ आज्ञेचा प्रतिध्वनी आहे’ हा काही चाहत्यांचा दावा मला मान्य नाही.

पण विचार करणे आणि समजणे यांत अंतर आहे, आणि सँडरसन यांनी ते अंतर फार कौशल्याने एका यंत्रणेत बसवले आहे. नाइटब्लड म्यानात असताना कोणासमोर टाकली, तर दोनपैकी एक गोष्ट घडते. ज्याच्या मनात ती वापरून दुष्कृत्य करण्याची ओढ असते, त्याला ती अनावर हवीशी वाटते. तो ती उचलतो, भोवतालच्यांना मारतो आणि शेवटी स्वतःलाही. ज्याच्या मनात तशी ओढ नसते, त्याला तिच्या स्पर्शाने मळमळते. व्हॅशर ती पहारेकऱ्यांमध्ये फेकतो ते दृश्य पहिल्या प्रकाराचे, आणि राजकन्या व्हिव्हेनाला तिच्या स्पर्शाने उलटी होते ते दुसऱ्या प्रकाराचे. या दोन दृश्यांवरून ‘नाइटब्लड माणसाच्या मनातले वाईट अचूक ओळखते’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. तलवार माणसाचे आयुष्य, त्याची कृत्ये, त्याचा पश्चात्ताप यांतले काहीही तोलत नाही. ती फक्त इतकेच जोखते की, हा माणूस माझ्यासह काय करील. ‘वाईट’ या विराट शब्दाचा तिला पेलवणारा एवढाच तुकडा तिने उचलला आहे. पोलादाला भूक, भीती, सूड, माया यांचा काहीच अनुभव नाही; त्याला ठाऊक असलेली एकमेव गोष्ट म्हणजे आपण शस्त्र आहोत. म्हणून त्याची नीतीही शस्त्राभोवतीच फिरते. हे वाचताना मला दर वेळी त्या तलवारीची कणव येते, आणि तिला घडवणाऱ्यांचा रागही.

म्यानातून पूर्ण उपसल्यावर तर हा तुकडाही उरत नाही. काळ्या पात्यातून काळा धूर गळू लागतो, जे समोर येईल ते नाहीसे होते आणि तलवार तिला धरणाऱ्याच्या ब्रेथ पिऊ लागते. त्या संपल्या की प्राण. स्टॉर्मलाइट मालिकेतील रोशर या ग्रहावर ती त्याच भुकेने स्टॉर्मलाइट, म्हणजे तिथल्या वादळांतून मिळणारी प्रकाशरूप शक्ती, पिते. २०१४ च्या ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’च्या शेवटी नेल हा अमर योद्धा ती झेथ या मारेकऱ्याच्या हाती सोपवतो आणि ती आनंदाने त्याला विचारते की, आज थोडे वाईट नष्ट करू या का. तो क्षण ज्यांनी ‘वॉरब्रेकर’ आधी वाचले होते त्यांच्यासाठी थरारून टाकणारा होता, कारण अनेक लोकांच्या हत्येचे ओझे मनावर बाळगणाऱ्या, स्वतःचा निवाडा दुसऱ्यांच्या हाती सोपवून बसलेल्या माणसाला वाईट म्हणजे काय हे न कळणारी तलवार सोबतीला मिळाली होती. दोघेही आज्ञेचे ताबेदार. ही जोडी लेखकाने विचारपूर्वक जुळवली आहे याबद्दल मला शंका नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते.

नाइटब्लड कधी तरी नकार देईल, हा तर्क मला वाचक म्हणून फार प्रिय आहे. संपादक म्हणून मी त्याला दोन बाजूंनी तपासते. पहिली बाजू परंपरेची. बोलणाऱ्या तलवारी युरोपीय साहित्यात जुन्या आहेत आणि त्या नकार देण्याबद्दल प्रसिद्ध नाहीत. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात, ज्याची विस्तारित आवृत्ती एलियास ल्योनरोट यांनी १८४९ साली सिद्ध केली, कुल्लेर्वो आपल्या तलवारीला विचारतो की, अपराधी माणसाचे रक्त प्यायला तुला आवडेल का; आणि तलवार उत्तर देते की, निरपराधांचे प्यायले, मग अपराध्याचे का पिऊ नये. टॉल्किन यांनी हाच प्रसंग तूरिनच्या कथेत आणला. त्यांच्या मरणोत्तर १९७७ साली प्रकाशित झालेल्या ‘द सिल्मारिलियन’मध्ये आकाशातून पडलेल्या लोखंडाची ती काळी तलवार आयुष्यात एकदाच बोलते. तूरिनचे रक्त आनंदाने पिऊन आपला पूर्वीचा धनी बेलेग याचे आणि अन्यायाने मारल्या गेलेल्या ब्रान्दिरचे रक्त विसरून जाण्याची इच्छा ती व्यक्त करते. लक्षात घ्या, या तलवारीला न्याय-अन्याय कळतो, दुःख होते, तरीही बेलेगला किंवा ब्रान्दिरला मारताना ती थांबलेली नाही. मायकेल मूरकॉक यांची स्टॉर्मब्रिंगर याच्याही पुढे जाते; ती आत्मे पिते, धन्याला बळ देते, त्याच्या जिवलगांचे बळी घेते आणि शेवटी त्यालाही मारते. तिला स्वतःची इच्छा आहे, पण ती इच्छा नेहमी अधिक रक्ताकडेच वळते. म्हणजे जुन्या परंपरेत सजाण तलवार धन्याचा विश्वासघात करते, धन्यावर आरोप करते, धन्याला संपवते. धन्याच्या हातात राहून ‘हा वार मी करणार नाही’ असे म्हणताना मला तरी ती कुठे आठवत नाही. नाइटब्लडने नकार दिला तर ती या घराण्यातली खरोखर नवी गोष्ट ठरेल, आणि म्हणूनच चाहत्यांना तो क्षण हवा आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे सौप्तिकपर्वातील अस्त्रांचा प्रसंग आठवणे स्वाभाविक आहे. अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, अर्जुन प्रतिअस्त्र सोडतो, व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. तिथे अस्त्राला मत विचारलेले नाही. आवरण्याचे सामर्थ्य सोडणाऱ्याच्या संयमात आहे आणि दोषही त्याचाच आहे. मला ही चौकट नाइटब्लडच्या बाबतीत उपयोगी वाटते, कारण ‘तलवार काय करील’ या कुतूहलात ‘ती आज्ञा कोणी दिली’ हा प्रश्न मागे पडू नये. व्हॅशर तो मागे पडू देत नाही; त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या एका आज्ञेचे प्रायश्चित्त आहे.

दुसरी बाजू मजकुरातील पुराव्याची. ‘रिदम ऑफ वॉर’च्या शेवटी तारावांगियन हा राजा नाइटब्लडने रेझला, म्हणजे ओडियम या दैवी शक्तीच्या धारकाला, ठार करतो. ही तलवार देवालाही मारू शकेल, असा तर्क वाचक कित्येक वर्षे करत होते आणि तो खरा ठरला. परंतु पुढे काय झाले? धारक गेला, शक्ती राहिली आणि ती तारावांगियनने स्वीकारली. रेझ क्रूर पण झिजलेला होता. त्याच्या जागी आलेला माणूस अधिक चतुर, अधिक दूरदर्शी आणि आपण जगाचे भलेच करतो आहोत या खात्रीने भारलेला आहे. आज्ञेच्या शब्दांनुसार पाहिले तर या तलवारीच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे यश आहे. परिणाम पाहिला तर सर्वांत मोठा घात आहे. लेखकाने चाहत्यांचा तर्क पूर्ण केला आणि त्याच क्षणी त्याचे समाधान काढून घेतले. आणि या सगळ्यात तलवारीची संमती कुठेच नाही. ती ज्याच्या हाती होती, त्याची ती झाली.

म्हणून नकाराच्या तर्काला मी असे वजन देईन: तो कथेच्या दिशेशी सुसंगत आहे, पण त्यासाठी तलवारीची आज्ञा पुसली जाणे किंवा तिच्यात अचानक शहाणपण उतरणे गरजेचे असेल, तर तो दुबळा आहे. सँडरसन यांनी आपल्या लेखनाविषयी जे नियम मांडले आहेत त्यांतला दुसरा सांगतो की, सामर्थ्यापेक्षा मर्यादा अधिक रंजक असतात. तिसरा सांगतो की, नवे काही आणण्यापूर्वी जे आहे तेच अधिक खोल न्यावे. या नियमांना धरून विचार केला, तर नाइटब्लडला वाईटाची व्याख्या मिळण्यापेक्षा आपल्याला ती व्याख्या ठाऊक नाही हे कळणे अधिक संभवते. आपल्या अज्ञानाची जाणीव ही नकाराची पहिली पायरी आहे. जो तर्क या पायरीपासून सुरू होतो, तो मी गांभीर्याने वाचते. जो थेट ‘तलवार चांगली होईल’ इथे पोहोचतो, त्यात मला वाचकाचे प्रेम दिसते, पुरावा दिसत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत समृद्ध आहे, कारण शार्डब्लेडच्या बाबतीत चाहत्यांचे तर्क उत्तम प्रतीचे होते आणि त्यांचा अभ्यास करण्यासारखा आहे. २०१० च्या ‘द वे ऑफ किंग्ज’मध्ये शार्डब्लेड म्हणजे दगड कापणारी, मरणाऱ्याचे डोळे जाळणारी, दहा हृदयठोक्यांनंतर हाती येणारी प्रचंड तलवार, एवढेच सांगितले जाते. पण त्याच पुस्तकात डॅलिनार या सेनानीला एक दृष्टान्त होतो. फीव्हरस्टोन नावाच्या ठाण्याजवळ रेडियंट या प्राचीन शपथबद्ध पंथाचे योद्धे आपली पाती जमिनीत खुपसून निघून जातात आणि ते दूर जाताच पात्यांतला उजेड मावळतो. ज्यांनी ते वर्णन सावकाश वाचले, त्यांनी तेव्हाच विचारले की, तलवारीतला उजेड माणसाच्या जाण्याने का मावळावा. पुढच्या खंडात स्प्रेन नावाच्या जिवांशी बंध असलेल्या व्यक्तींना या पात्यांतून किंकाळी ऐकू येते. डॅलिनारचा मुलगा रेनारिन याला पाते हाती घेणे का असह्य होते, याचा उलगडा होतो. आणि कॅलाडिन या सैनिकाची सखी सिल, जी मुळात स्प्रेन म्हणजे कल्पनेतून साकारलेला जीव आहे, स्वतः पाते होऊन त्याच्या हाती येते. सामान्य शार्डब्लेड म्हणजे शपथ मोडल्यामुळे मेलेल्या स्प्रेनचे कलेवर, हे तेव्हा उघड झाले. हा तर्क ज्यांनी आधीच केला होता त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यांनी तलवारीच्या सामर्थ्याकडे न पाहता तिच्या मावळण्याकडे पाहिले.

नकाराची कसोटी येथे लावून पाहा. सिल नकार देते. कॅलाडिन राजाच्या हत्येच्या कटाला साथ देतो तेव्हा त्यांचा बंध विरत जातो, ती दिसेनाशी होते आणि ज्याचा तिरस्कार वाटतो त्याचेही रक्षण करीन, अशी तिसरी शपथ उच्चारेपर्यंत ती परत येत नाही. तिला वाईटाची व्याख्या कोणी शिकवलेली नाही. ती एका व्यक्तीशी, एका शब्दाशी बांधलेली आहे. नाइटब्लडला आज्ञा आहे, सिलला शपथ आहे. आज्ञा एकतर्फी असते, शपथेला दोन बाजू असतात. दोघींच्या हातात येण्याचा आकार तलवारीचाच असला, तरी त्या एका जातीच्या नाहीत, या माझ्या मताचा सारा आधार हा फरक आहे.

आणि माया, म्हणजे अ‍ॅडोलिनच्या पात्यातील स्प्रेन. अ‍ॅडोलिन हा राजपुत्र द्वंद्वापूर्वी आपल्या पात्याशी बोलतो. तेव्हा ती त्याची लकब वाटते. ‘ओथब्रिंगर’मध्ये, २०१७ साली, शेडस्मार या मनोलोकात त्याला आपल्या पात्यातील मृत स्प्रेन डोळे खरवडलेल्या, मुक्या रूपात भेटते, आणि थेलेन नगरीच्या लढाईत पाते दहाऐवजी सात ठोक्यांत येते व तिचे नाव त्याला जाणवते. चाहत्यांनी तोवर कधीच भाकीत केले होते की, अ‍ॅडोलिन आपल्या प्रेमाने तिला जिवंत करील आणि रेडियंट होईल. ‘रिदम ऑफ वॉर’ने हे भाकीत अर्धवट ठेवून त्याहून मोठे काही दिले. ऑनरस्प्रेन या स्प्रेनांच्या एका जातीच्या दुर्गात अ‍ॅडोलिनवर खटला चालतो; माणसांनी स्प्रेनचा घात केला, हा आरोप सिद्ध करण्यासाठी मायाला साक्षीला उभे केले जाते. सगळे गृहीत धरतात की, ती आपल्या दुर्दशेनेच साक्ष देईल. ती बोलते. शपथा मोडण्याचा तो निर्णय आम्हीही घेतला होता, असे ती सांगते. दोन हजार वर्षे जिला केवळ बळी मानले, तिने आपण बळी नसून निर्णयात सहभागी होतो असे ठणकावले, आणि तेही ज्यांनी तिच्या वतीने न्याय मागितला होता त्यांच्यासमोर. या मालिकेतील कोणत्याही शस्त्राने दिलेला सर्वांत मोठा नकार तो हाच, असे मला वाटते: वार करण्याला नव्हे, दुसऱ्याने लिहिलेल्या स्वतःच्या कहाणीला. आपल्या निवडीची एवढी भीषण किंमत पडेल हे त्या स्प्रेनना तेव्हा ठाऊक नव्हते, याने त्या साक्षीचे मोल कमी होत नाही.

त्यामुळे ‘अ‍ॅडोलिनने मायाला जागवले’ ही मांडणीही मला पुरेशी वाटत नाही. त्याने रोज सकाळी तिच्यासोबत तलवारीचे हात केले, तिला वस्तू मानले नाही, तिच्यासाठी थांबला. बोलली ती स्वतः.

ऑनरब्लेडविषयी फार लिहिण्यासारखे नाही. झेथच्या हातात पहिल्या पुस्तकात असलेले पाते शार्डब्लेड नव्हते, याची खूण त्याच्या डोळ्यांत होती: पाते हाती असताना ते फिकट होत आणि ते दूर केल्यावर काही काळाने पुन्हा मूळ रंगावर येत. ऑनरब्लेड धारकाला रेडियंटांच्या शक्ती देतात, शपथ मागत नाहीत, आणि त्यांच्यात स्प्रेन नाही. म्हणजे एवढे सामर्थ्य असलेल्या या पात्यांत नाही म्हणणारे कोणीच नाही. सामर्थ्य जितके मोठे तितकी जाणीव मोठी, असे मानणाऱ्या सिद्धान्ताला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

तिन्ही शस्त्रे एकाच जातीची आहेत या सिद्धान्ताला मात्र एक खरा धागा आहे आणि तो नाकारणे योग्य नाही. नाइटब्लड ही शार्डब्लेडची नक्कल करण्याच्या प्रयत्नातून घडली, असे लेखकाने पुस्तकांबाहेर सांगितले आहे. व्हॅशर आणि त्याच्या सहकाऱ्यांना रोशरची ओळख होती. शिवाय व्हॅशर हे पात्र मुळात ‘द वे ऑफ किंग्ज’च्या २००२ च्या सुमारास लिहिलेल्या जुन्या आराखड्यात तलवारबाजीचा गुरू म्हणून अवतरले होते आणि ‘वॉरब्रेकर’ त्याची पूर्वकथा म्हणून लिहिले गेले. तेव्हा नातेसंबंध आहे, पण तो मूळ आणि नक्कल यांचा आहे. विद्वानांनी पात्याचा आकार, धार आणि भूक पाहिली. त्यामागची शपथ त्यांना पोलादात ओतता आली नाही, म्हणून त्या जागी त्यांनी आज्ञा ओतली. असा विचार केला की दोन्ही शस्त्रांतला फरक त्या नात्यातूनच स्पष्ट होतो.

येथे पुराव्याच्या क्रमाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण या मालिकेविषयीचे बरेच वाद त्यातून उद्भवतात. सँडरसन वाचकांच्या प्रश्नांना जाहीर कार्यक्रमांत आणि स्वाक्षरीच्या रांगांमध्येही उत्तरे देतात. ती टिपून जतन केली जातात आणि ‘ब्रँडनचा शब्द’ म्हणून उद्धृत होतात. उत्तर द्यायचे नसेल तेव्हा ‘वाचा म्हणजे कळेल’ असे ते सांगतात. ही सवय रॉबर्ट जॉर्डन यांच्याकडून आलेली, ज्यांची अपूर्ण राहिलेली मालिका सँडरसन यांनी पूर्ण केली. ‘वॉरब्रेकर’वरील त्यांची प्रकरणवार भाष्येही उपलब्ध आहेत आणि ती जरूर वाचावीत. माझा क्रम असा आहे: प्रकाशित मजकूर सर्वांत वर, लेखकाची लिखित भाष्ये त्याखाली, तोंडी उत्तरे त्याहून खाली. तोंडी उत्तर प्रामाणिक असते, पण ते त्या दिवशीच्या आराखड्याचे असते, आणि लेखक लिहिता लिहिता आराखडा बदलतो. एखादा तर्क फक्त तोंडी उत्तरावर उभा असेल आणि मजकुरात त्याला एकही दृश्य नसेल, तर मी त्याला थांबायला सांगते. शिवाय ‘वाचा म्हणजे कळेल’ या वाक्याचा अर्थ ‘हो’ असा घेण्याची सवय सोडावी. त्याने पुष्कळ चांगले तर्क वाया गेले आहेत.

शेवटी, या वाचकाने प्रश्नात न घेतलेल्या एका तलवारीकडे लक्ष वेधते. ‘ओथब्रिंगर’मध्ये कोलिनार नगरीच्या तटरक्षकांची सेनापती अ‍ॅझ्युर, म्हणजेच व्हिव्हेना, शार्डब्लेडसारखे दिसणारे पण शार्डब्लेड नसलेले पाते बाळगते. म्हणजे व्हॅशरने पत्नीचा जीव घेऊन जे तंत्र दडपले, त्याचे काही अंश तरी कुणाच्या हाती लागले आहेत. हे पाते सजाण आहे का, यावर चर्चा बरीच होते आणि ती ते बोलते का या मुद्द्यावर अडकते. आतापर्यंत वाचकासमोर ते बोललेले नाही. मी पुन्हा वाचताना दोन गोष्टी पाहते: व्हिव्हेना त्याला कशी हाताळते आणि ते तिच्याकडून काय घेते. नाइटब्लडच्या स्पर्शाने जिला उलटी झाली होती, ती तरुणी तशाच घडणीचे पाते स्वखुशीने कमरेला बांधणार नाही, जोवर त्याला दिलेली आज्ञा वेगळ्या प्रकारची नसेल. ती आज्ञा कोणती असावी, याविषयी तर्क करायचा असेल तर ‘वॉरब्रेकर’मधील तिचे शिक्षण असलेली प्रकरणे पुन्हा वाचा, व्हॅशर तिला आज्ञा कशी द्यावी हे शिकवताना छोटी, मनात चित्र उभे राहील अशी वाक्ये वापरायला सांगतो, आणि ‘वाईटाचा नाश कर’ या वाक्यात नेमके काय चुकले होते, हे त्याच धड्यांमध्ये कळते.